अडतं ते पगारावर नाही, रोकडीवर

‘महिना अडीच लाख पगारवाल्यांनी घरासाठी रडू नये’ असं एक मत वाचलं, ते मला पटलं नाही. माझा धाकटा भाऊ मुलुंडला घर बघतोय. बांधकाम चालू असलेला फ्लॅट, किंमत दीड कोटी. ७५ लाखांवरच्या कर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे साडेसदतीस लाख आपले. शिवाय ६ टक्के मुद्रांक शुल्क, ५ टक्के जीएसटी. पन्नास लाखांच्या वर रोकड नोकरदार पोराने आणायची कुठून?

मग फोन येतो गावी, रावेरला. बाबा सातबारा काढून बसलेत, गट नंबरावर बोट ठेवून म्हणतात, ‘दोन एकर काढून टाकू.’ त्याच शेतातल्या केळीवर आम्हा दोघांची शिक्षणं झाली. भावाला स्पष्ट सांगितलंय, भाड्याने राहा, पण शेताला हात लावायचा नाही.