थंडीत रात्री आणि सुट्टीच्या जेवणाला सोपं, गरमागरम काय करता?

पांघरुणातली_वाटी:
मंडळी, मदत हवीये. थंडी पडल्यापासून घरी पोचेपर्यंत हातपाय गारठलेले असतात, स्वयंपाकघरात उभं राहायचं अगदी जिवावर येतं, पण पोटाला मात्र काहीतरी गरम, दाटसर, वाटी हातात धरून पांघरुणात बसून खाता येईल असं हवं असतं. रोज रात्री काय करायचं हा एक प्रश्न. दुसरा म्हणजे सुट्टीत आठ-दहा माणसं जेवायला येणारेत. मागच्या वेळी मी हौसेनं सहा पदार्थ ठरवले, चारही बर्नर पेटलेले, एक उतरवला की दुसरा चढवायचा, आणि सगळे पानावर बसेपर्यंत पहिले तीन पदार्थ गार झालेले, मी घामाघूम, आणि भूक कधीच मेलेली. पाहुणे बिचारे छान छान म्हणत थंड जेवले. यावेळी आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं काहीतरी सांगा, भांडी कमी लागली तर दुवा देईन. शाकाहारी, मांसाहारी दोन्ही चालेल. ओव्हन आहे, पण आजवर त्यात फक्त कढया ठेवल्यात.

जाड_बुडाचं_पातेलं:
कढया बाहेर काढा आधी :)

दहा माणसांना स्ट्यू करा, डोळे झाकून. मटण घेताना मऊ, महाग तुकडे मागू नका, पायाचं किंवा खांद्याचं, हाडासकट, जरा चिवट असलेलंच घ्या, कारण त्या चिवटपणातच सगळी मजा आहे, मंद आचेवर दोन-अडीच तास राहिलं की त्यातलं कोलॅजन (मांसातला चिवट प्रथिनाचा भाग) विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा आपोआप ओठाला चिकटेल इतका दाट होतो, पीठबीठ लावायची गरज नाही. फक्त खळाखळा उकळायचं नाही. वर मधूनच एखादा बुडबुडा फुटतोय इतपतच आच. घाई करून मोठ्या आचेवर ठेवलंत तर बाहेरून दोरे दोरे आणि आतून कोरडं, माझं दोनदा झालंय.

सुरुवातीला तुकडे कागदानं कोरडे पुसून थोडे थोडे परता. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि ते परतायच्या ऐवजी शिजायलाच लागतात. बुडाला जे तपकिरी चिकटतं ते जळलंय समजून घासून टाकू नका, त्यातच चव असते, थोडं पाणी घालून उलथन्यानं खरवडून रश्श्यात घ्या. गाजर-बटाटा शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात घाला, नाहीतर त्याचा लगदा. आणि हे आदल्या दिवशी केलेलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. फ्रीजमध्ये वर चरबीचा पांढरा थर जमतो तो चमच्यानं सहज उचलता येतो.

लसूण_सढळ_हाताने:
वरचं सगळं खरंय, पण रोज रात्री कोण अडीच तास थांबणार. रोजच्यासाठी मसूर डाळीचं सूप. सालं काढलेली केशरी मसूर भिजवावी लागत नाही, वीसेक मिनिटांत शिजून आपणहून विरघळते. एक वाटी डाळीला चार-साडेचार वाट्या पाणी, एक कांदा, एक गाजर, पाच-सहा लसूण पाकळ्या, सगळं आधी तेलावर जरा परतून मग एकाच पातेल्यात. मीठ घालूनही मिळमिळीत लागलं तर आणखी मीठ ओतू नका, बहुतेक वेळा त्याला आंबट कमी पडलेलं असतं. गॅस बंद करून लिंबू पिळा आणि मग चाखा, एकदम डोळे उघडतात सूपाचे.

आणि एखाद्या रविवारी वेळ असेल तर कांद्याचं सूप. पाच-सहा कांदे उभे चिरून लोण्यावर मंद आचेवर परतत राहायचं. दहा मिनिटांत कांदा छान तपकिरी होतो असं लिहिणाऱ्यांनी तो स्वतः कधी केलेला नसतो!! चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरून चाला. आधी भांडंभर दिसणारा कांदा शेवटी जेमतेम मूठभर उरतो, रंग गुळासारखा होतो आणि घरभर असा वास सुटतो की शेजारचे विचारायला येतात.

ट्रेवाला:
मला स्ट्यू आवडतो पण दहा माणसांसाठी मी तरी ओव्हनच म्हणेन, कारण एकदा ट्रे आत सरकवला की तुम्ही बाहेर येऊन माणसांशी बोलू शकता. बटाटा, गाजर, कांदा, फ्लॉवर मोठे तुकडे करून तेल-मीठ चोळा, २०० ते २२० डिग्रीवर ३५-४० मिनिटं, मधे एकदा उलटवा. एकच गोष्ट पाळा, तुकडे एकावर एक रचू नका. दाटी केली की भाजी वाफेवर शिजते, कडा कुरकुरीत होतच नाहीत. दोन ट्रे घ्या हवं तर.

अख्खी कोंबडी करणार असाल तर सर्वात जाड भागात थर्मामीटर खुपसून ७४ डिग्री बघा, अंदाजावर जाऊ नका. गोठवलेली असेल तर दोन किलोच्या कोंबडीला फ्रीजमध्ये सुटायला अख्खा दिवस लागतो, हे लोकांना नेमकं सकाळी अकरा वाजता आठवतं. बाहेर काढल्यावर लगेच कापू नका, पंधरा मिनिटं तशीच राहू दे, रस आत मुरतो. तेवढ्यात ताटं मांडून होतात.

उरलंसुरलं:
सगळ्यांनी करायचं सांगितलं, ठेवायचं कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितेय. आदल्या दिवशी केलेलं मोठं पातेलं 'थंडीच आहे' म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भरलेलं पातेलं मधे तासन् तास कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं. पसरट, उथळ डब्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट नाही, चांगली उकळी आणून वाढा. उरलेल्या भाताचंही तेच.

आणि शाकाहारी स्ट्यूत राजमा घालणार असाल तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्चट राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनानं उलट्या होतात. कुकरमध्ये नीट शिजवलात तर काळजी नाही, पण स्लो कुकरमध्ये थेट कच्चा टाकू नका, त्याची आच तेवढी चढत नाही. आणखी एक, टोमॅटो राजमा मऊ झाल्यावरच घाला, आंबटात कडधान्य शिजायला फार वेळ खातं.

पांघरुणातली_वाटी:
सगळ्यांना थँक्यू!! काल मसूर सूप केलं. चव खरंच मस्त, लिंबाचं तर पटलंच. पण मी शहाणपणा करून ते उकळतं असतानाच मिक्सरमध्ये गळ्यापर्यंत भरलं आणि बटण दाबलं. झाकण उडालं. छतावर अजून केशरी ठिपके आहेत, हात थोडक्यात वाचला, नवरा म्हणतो राहू देत, डिझाईन छान आलंय.

लसूण_सढळ_हाताने:
अगं बाई! आत कोंडलेली वाफ झाकण उडवते. जरा निवू दे, अर्ध्यापेक्षा कमी भर, झाकणाचं मधलं बूच काढून त्यावर फडकं धर. खरं तर मसूर इतकी मऊ होते की मिक्सर हवाच कशाला, रवीनं घुसळ, झालं.

पांघरुणातली_वाटी:
रवी! कशी सुचली नाही. बरं, सुट्टीचं ठरलं. आदल्या दिवशी मटण स्ट्यू, दुसऱ्या पातेल्यात राजम्याचा, त्या दिवशी फक्त भाज्यांचा एक ट्रे आणि ब्रेड. सहा पदार्थांवरून तीनवर आले. एकच शंका, स्ट्यूतले बटाटे आदल्या दिवशीच घालू का?

जाड_बुडाचं_पातेलं:
नको, रात्रभर रश्श्यात राहून आणि परत उकळून फुटतात. वेगळे उकडून ठेवा, थोडे कमीच शिजवा, आणि गरम करताना शेवटी सोडा. ट्रे मात्र दोन घ्या, ट्रेवाला बरोबर बोलतोय.