मदत हवी आहे : लिफ्ट केलेली जीप आणि नवशिकी मुलगी
मुलीला नुकतंच 18व्या वर्षी लायसन्स मिळालंय. घरच्या जुन्या फोर-बाय-फोरला 2 इंची लिफ्ट किट (गाडीची बॉडी उंच करणारे सुटे भाग), वर कॅरियर, ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही. गाडी किती सहज उलटेल हे बघायला चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा हिशेब मांडला; आकडा जितका कमी तितका धोका जास्त. 1.5 मीटर आणि 0.7 मीटर धरले तर 1.07, लिफ्टमुळे गुरुत्वमध्य 5 सेंटीमीटर चढला की 1.0. सेडान 1.4च्या आसपास असते!

खरी भीती साइडपट्टीची. डावी चाकं डांबराखाली उतरली की नवखा हात स्टिअरिंग झटक्यात उजवीकडे ओढतो, टायर कडेला अडतो, गाडी आडवी. स्टिअरिंग घट्ट धरून, ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरवायची सवय लावायला मैदानात सराव किती वेगाने घ्यावा? कॅरियर उतरवतोच आहे. लिफ्ट काढल्यावर शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक होजही बदलावे लागतील? आणि रोल केज (गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवलेला पाइपांचा सांगाडा) लावला तर हेल्मेट नसताना डोकं पाइपवरच आपटेल ना?