सेक्स असलाच पाहिजे असं नाही

बीडीएसएमचा विषय निघाला की 'शेवटी गाडी सेक्सवरच येणार, नाहीतर एवढा खटाटोप कशाला' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. बांधणं, शिस्त, हुकूमत-शरणागती, वेदना हे बीडीएसएममधले वेगवेगळे धागे आहेत आणि त्यातला एकही सेक्सवाचून अडत नाही. काहींना तो हवा असतो, ठीकच आहे. पण शिबारी, म्हणजे दोरीची जपानी बांधणी, अंगावर पूर्ण कपडे ठेवूनही होते आणि बांधून घेणाऱ्याला कधी कधी त्यातून नुसती शांतता हवी असते. असेक्शुअल, म्हणजे लैंगिक आकर्षण न वाटणारी किंवा फारच कमी वाटणारी, माणसंही अशा नात्यांत असतात.

माझ्या माहितीतलं एक जोडपं आहे, ती मिरजेत, तो कराडला. एकाने नियम घालायचे, दुसऱ्याने पाळायचे, सगळा कारभार फोनवर. रात्री अकराला झोपायचं, जेवण चुकवायचं नाही, चुकवलं तर वहीत पानभर लिहून फोटो पाठवायचा. यात सेक्स नाही, पण नातं लुटुपुटूचंही नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दोरीला दिलेला होकार सेक्सला लागू होत नाही. दोन्ही गोष्टी आधी, शुद्धीत, वेगवेगळ्या विचारायच्या. थांबायचा शब्द ठरवायचा आणि तो उच्चारला की लगेच थांबायचं, मग रुसवेफुगवे नकोत. 'एवढं केलंस, तर आता तेही' म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहा.

आणि व्हिडिओ बघून दोरी घेणार असाल तर गळ्याला लावू नका, कात्री हाताशी ठेवा. बोटं बधिर झाली की लगेच सोडायचं.