घड्याळ एक तास पुढे? मुंबईत तरी नको

गिरगाव_चौपाटी
काल इथे एकाने लिहिलं की अमेरिका-युरोपसारखं आपणही मार्च ते ऑक्टोबर घड्याळ एक तास पुढे करावं. संध्याकाळी उजेड मिळेल, वीज वाचेल. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लंडनला जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरचा आठच्याही आत. घड्याळ हलवलं नाही तर तिथे जूनमध्ये पावणेचारलाच सूर्य उगवेल, सगळे झोपेत असताना. तो उजेड संध्याकाळकडे वळवण्यात अर्थ आहे. मुंबईत जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा अकराचा. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास होतो आणि तेव्हा अर्धं शहर डबे भरत असतं. वाया जाणारा उजेड आहेच कुठे?

विजेचंही ऐका. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २००६ पासून हा प्रकार सगळीकडे लागू झाला. अभ्यासात निघालं की घरगुती वीजवापर सुमारे १ टक्का वाढला. दिव्यांवर वाचलं ते एसीने खाल्लं. आपल्याकडे दिवे एलईडी झाले. मे महिन्यात बिल कशाचं येतं ते सांगायला नको.

ठाणे_पूर्व
वीज ठेवा बाजूला. ऑफिस सुटून माणूस स्टेशनवर उतरतो तेव्हा अंधार असतो. एक तास उजेड मिळाला तर बायका निर्धास्त घरी पोचतील, मुलांना मैदानात खेळता येईल. याचा हिशेब कोण करणार?

गिरगाव_चौपाटी
जून ते सप्टेंबर मुंबईत पाऊस असतो. ढगाखालच्या एका तासासाठी अख्ख्या देशाची घड्याळं हलवायची? आणि अंधाराचा त्रास नोव्हेंबर-डिसेंबरात जास्त. तेव्हा तर तुम्ही घड्याळ परत मागे घेणार! रस्त्यावर दिवे मागा, त्याला माझा पाठिंबा आहे.

ऐरोली_नाइटशिफ्ट
तिकडची घड्याळं हलतात त्याची किंमत आपण आधीच मोजतोय. न्यूयॉर्कचं सकाळी ९ म्हणजे आपलं उन्हाळ्यात संध्याकाळी ६.३०, हिवाळ्यात ७.३०. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, ब्रिटन शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे लंडनचा दुपारी १ चा कॉल आणि न्यूयॉर्कचा सकाळी ९ चा कॉल, दोन्ही ६.३० लाच येऊन आदळतात. नोव्हेंबरात वेगळा त्रास: दिवसपाळी भारतीय वेळेवर सुटते, अमेरिकेची पाळी तासभर उशिरा बसते आणि मधला तास वाऱ्यावर. रोस्टर बदलतं, पण कॅबचे रूट आठवडाभर जुनेच.

एमसीएक्स या आपल्या कमोडिटी बाजाराचं सत्रसुद्धा अमेरिकेच्या उन्हाळ्यात रात्री ११.३० ला आणि हिवाळ्यात ११.५५ ला संपतं. म्हणजे घड्याळ त्यांचं, जागरण आपलं.

बॅच_जॉब
याहून वाईट ती रविवारची पहाट. मार्चमध्ये न्यूयॉर्कला २.०० नंतर थेट ३.०० वाजतात, २.३० ला लावलेला जॉब, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारं काम, चालेल की नाही, हे ते वेळेवर सुरू करणाऱ्या शेड्युलरवर अवलंबून. नोव्हेंबरात १.३० दोनदा वाजतात. दर तासाला बनणाऱ्या फाइलच्या नावात स्थानिक वेळ असेल, तर २०२५११०२_०१३० नावाची दुसरी फाइल पहिलीला पुसून टाकते. दिवस २५ तासांचा, फाइली २४. सोमवारी रीकन्सिलिएशन, म्हणजे नोंदींचा ताळमेळ, जुळत नाही आणि सगळे डेटाबेस तपासत बसतात.

उपाय ठरलेला आहे. साठवण आणि फाइलची नावं यूटीसीत, म्हणजे कधीच न हलणाऱ्या जागतिक वेळेत, ठेवा, स्थानिक वेळ फक्त स्क्रीनवर दाखवा. झोन 'ईएसटी' असा लिहू नका, तो वर्षभर उणे पाच तासच राहतो, 'अमेरिका/न्यूयॉर्क' लिहा. टीझेडडेटा, म्हणजे जगभरच्या वेळबदलांच्या नियमांची यादी, अद्ययावत ठेवा.

माहीम_कॉजवे
मुळात मुंबईचं घड्याळच सूर्याच्या ३९ मिनिटं पुढे आहे! प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७३ च्या जवळ. १९०६ ला प्रमाणवेळ आली तरी बॉम्बे टाईम १९५५ पर्यंत टिकला होता. जानेवारीत सव्वासातला उजाडतं, शाळेची बस साडेसहाला. वर आणखी तास पुढे?

ब्रह्मपुत्र_मेल
३९ मिनिटांसाठी गळा काढू नका. गुवाहाटीत डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि जूनमध्ये साडेचारलाच उगवतो. चहामळे म्हणूनच तासभर पुढचा बागान टाईम पाळतात. देशाला दोन टाईम झोन हवेत. मुंबई सोडून काही दिसतच नाही तुम्हाला.

माहीम_कॉजवे
दिसतं. रेल्वेचं काय करणार? झोनच्या सीमेवर वेळ चुकली तर अपघात होतील.

ब्रह्मपुत्र_मेल
हे कायमचं पालुपद! रशियन रेल्वे २०१८ पर्यंत ११ झोनमध्ये मॉस्कोच्या वेळेवरच चालत होती. अंतर्गत वेळापत्रक एकच ठेवायचं, प्रवाशाला स्थानिक वेळ दाखवायची. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सीमा आसाम-बंगालच्या हद्दीवर सुचवली होती. तिथे न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार अशी मोजकीच स्टेशनं येतात. वाचा आधी, मग भीती घाला.

ठाणे_पूर्व
विषय कुठच्या कुठे गेला. उजेडाबद्दल अजूनही मला पटलेलं नाही.

माहीम_कॉजवे
रेल्वेचा मुद्दा सोडतो. पण दोन झोन म्हणजे एकदा केलेला, कायमचा फरक; वर्षातून दोनदा हलवणं नव्हे. ती सरमिसळ करू नका.

ब्रह्मपुत्र_मेल
मी केलीच नव्हती. दोनदा हलवायला माझाही विरोध आहे.

बॅच_जॉब
ठाणे_पूर्व, उजेडच हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये ऑफिसची वेळ ९ ऐवजी ८ करून घ्या. एका परिपत्रकाचं काम आहे, कुणाचा सर्व्हर मोडत नाही.

ठाणे_पूर्व
८ ची लोकल पकडणाऱ्याला ७ ची पकडायला लावणार. पण घड्याळ हलवूनही तेच होणार होतं, हे मान्य.