मदत हवी आहे : कास्पारोव्ह–टोपालोव्ह बुद्धिबळ डावातील २४वी चाल

नागपुरात बारा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी मी नेदरलँड्समधील विक आन झी येथील १९९९ चा कास्पारोव्ह–टोपालोव्ह डाव तयार करीत आहे. पिर्क बचावातून (काळ्याच्या एका सुरुवातीच्या पद्धतीतून) आलेल्या या डावात पांढऱ्याने, म्हणजे कास्पारोव्ह यांनी, २४व्या चालीत हत्तीने डी४ या घरातले प्यादे मारले, टोपालोव्ह यांनी तो हत्ती घेतला आणि पुढे त्यांचा राजा थेट डी१पर्यंत ओढला गेला, हे मुलांना सहज पटते.

अडचण न खेळलेल्या चालीची आहे. हत्ती न घेता राजा बी६वर नेला असता तर ए५वरच्या पांढऱ्या घोड्यावर हल्ला होऊन काळा तरला असता. पांढऱ्याने प्यादे बी४वर नेल्यास वजिरांची अदलाबदल होते, इथवर मला समजते. परंतु घोडा बी३वर परतला, तर काळ्याने हत्ती सोडून उंटाने डी५वरचे प्यादेच मारावे, असे विश्लेषणात दिले आहे. संगणकावर तपासले, तो केवळ आकडे दाखवतो, कारण नाही. फळ्यावर चार चालींपलीकडे जाता येत नाही, मुलांचा धीर तेवढाच.

त्या स्थितीत सी५च्या प्याद्याने हत्ती घेणे नेमके कोणत्या कल्पनेमुळे चुकते?