जुंको ताबेईंसाठी कान्हेरीला जमायचंय, जुन्या मैत्रिणींना कसं बोलवू?

कातळवेडी (मुलुंड)
२३ ऑक्टोबर २०१६

गिर्यारोहक जुंको ताबेई गेल्या. २० तारखेला, जपानमध्ये, कर्करोगानं. काल संध्याकाळी मुलीनं मोबाइलवर बातमी वाचून दाखवली तेव्हा मी चकलीची भाजणी भाजत होते. गॅस बंद केला आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. त्यात माझे १९८२ सालचे हातमोजे आहेत. बाबांच्या फाटक्या होल्डॉलचं कॅनव्हास कापून आईच्या मशिनवर शिवलेले. तळव्याला दुहेरी थर होता, त्यापायी तीन सुया मोडल्या होत्या. तेव्हा आम्ही कमरेभोवती दोर घेऊनच बिले द्यायचो, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून धरायचो, वरचा घसरला की दोर हात सोलून काढायचा.

ते मोजे मी शिवले ते ताबेईंमुळे. मुंब्र्याला कातळ चढायला शिकवणाऱ्या एका दादांनी सांगितलं होतं की जपानच्या बायका एव्हरेस्टला निघाल्या तेव्हा पैसे पुरेनात, म्हणून गाडीवर घालायच्या कव्हरचं कापड कापून त्यांनी बर्फातले हातमोजे घरीच शिवले. ताबेई पियानोच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवत होत्या. मदत मागायला जावं तिथे ‘घरी बसा, मुलं सांभाळा’ हे ऐकून परत यायच्या. तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम तीन वर्षांची. मी १९ वर्षांची होते. शिखराचं कौतुक मला नंतर कळलं, आधी त्या शिवणकामानं धीर दिला.

नव्या मुलींसाठी थोडक्यात सांगते. ४ मे १९७५ च्या रात्री एव्हरेस्टच्या दुसऱ्या कॅम्पवर हिमकडा कोसळला आणि ताबेई तंबूसकट गाडल्या गेल्या. शुद्ध हरपली होती, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं. धड चालता येत नव्हतं. १२ दिवसांनी, १६ मे रोजी, शेर्पा आंग त्सेरिंग यांच्याबरोबर त्या माथ्यावर होत्या. एव्हरेस्ट चढलेली जगातली पहिली स्त्री. उंची पाच फुटांच्या आसपास, लहानपणी अशक्त म्हणून ओळखली जाणारी मुलगी.

आता माझा प्रश्न. ६ नोव्हेंबरच्या रविवारी, भाऊबीज वगैरे उरकली की, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला जमायचं ठरवतेय. सभागृह, हार घातलेला फोटो, ओळीनं भाषणं असं काही मनाला पटत नाही. कातळाला हात लागला पाहिजे. माझ्याबरोबर शनिवार-रविवारी चढणाऱ्या आठ मुली येतीलच. पण ट्रंकेत मोज्यांखाली एक फोटो निघाला. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी आम्ही पाचजणी, १९८४ चा हिवाळा. त्यातली मी एकटी अजून चढते. बाकीच्या चौघींचं लग्नानंतर, बदलीनंतर, बाळंतपणानंतर सुटलं. एक तर आमच्यात सगळ्यांत सरस होती. चिमणीत, म्हणजे कातळातल्या उभ्या अरुंद फटीत, पाठ टेकवून ती अशी सरसर वर जायची की खाली दोर द्यायला माझे हात पुरायचे नाहीत.

या चौघींना बोलवायचंय. पण गेली वीस-बावीस वर्षं कुठे लग्नाकार्यात भेट झाली आणि डोंगराचं नाव निघालं, की त्या विषय बदलतात. मला वेळ मिळाला तो सासूबाईंमुळे. माझी लेक तीन वर्षांची असताना मी उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या २८ दिवसांच्या कोर्सला गेले, तर त्यांनी कालनिर्णयवर रोज एक फुली मारून नातीला दाखवली, ‘बघ, आई एक घर जवळ आली.’ त्या चौघींच्या घरी फुल्या मारणारं कुणी नव्हतं. म्हणून भीती वाटते, माझं बोलावणं त्यांना टोमण्यासारखं लागेल. काय लिहू त्यांना?

जुना बिलेअर (दादर)
२३ ऑक्टोबर २०१६

आधी कामाचं सांगतो. पाऊस नुकताच सरलाय, कातळावर अजून शेवाळाचे पट्टे असतील. सावलीतल्या बाजूला मुलींना पहिल्यांदा चढवू नकोस. आणि पणत्या, उदबत्त्या, घोषणा यातलं काहीही नको. आग्या माश्यांची पोळी या दिवसांत कड्यांना लागलेली असतात, धूर लागला की झुंडीनं येतात. दोरावर लटकलेल्याला पळताही येत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन कडा न्याहाळून या. पार्कात चढायची परवानगी लागते, तिचा अर्ज उद्याच दे.

आता दुसरं. तू लिहिलेलं नाहीस, पण मला आठवतंय. १९८६ च्या हिमालयातल्या मोहिमेत तुम्हा दोघींना मी बेसकॅम्पवर ठेवलं, रसद मोजायला. वरच्या कॅम्पला कोण जाणार हे ठरवायला आम्ही पाच पुरुष तंबूत बसलो होतो आणि तुम्ही दोघी बाहेर पातेली घासत होतात. तुम्ही आमच्याइतकंच ओझं वाहिलं होतं. तेव्हा मला तो निर्णय जबाबदारीचा वाटला. काल ताबेईंची बातमी वाचली आणि पहिल्यांदा त्याच तंबूची आठवण आली. आम्ही हा निर्णय घेत होतो तेव्हा त्या बाईंना एव्हरेस्ट चढून ११ वर्षं होऊन गेली होती. माझी चूक झाली. तुझी हरकत नसेल तर ६ तारखेला येईन आणि तुम्हा दोघींसमोर हेच बोलेन.

बेलापूर वॉल
२४ ऑक्टोबर २०१६

ताई, मी २० वर्षांची आहे, बेलापूरच्या चढाईच्या कृत्रिम भिंतीवर शिकले. मे महिन्यात नवी मुंबईत बोल्डरिंगचा (दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याचा) वर्ल्ड कप झाला तेव्हा दोन्ही दिवस तिथेच होते. जपानच्या मुली ज्या सहजतेनं चढत होत्या ते बघून वाटायचं, यांच्याकडे हे कायमचंच असणार. त्यांच्याही देशात बायकांना ‘घरी बसा’ म्हणत होते हे तुमच्याकडूनच कळतंय.

मी काल रात्री जागून त्यांच्याबद्दल वाचत होते. दोन गोष्टी मनात राहिल्या. माथ्याच्या अलीकडे बर्फाची सुरीच्या पात्यासारखी धार लागते. आधीच्या कुठल्याच मोहिमेच्या वर्णनात त्यांनी तिच्याबद्दल वाचलं नव्हतं, म्हणून त्या भयंकर चिडल्या होत्या. ती धार त्यांनी आडव्या सरपटत पार केली. दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्याला पहिली स्त्री म्हणण्यापेक्षा एव्हरेस्ट चढलेली ३६ वी व्यक्ती म्हणा, असं त्या सांगायच्या.

पुढेही त्या थांबल्या नाहीत. १९९२ पर्यंत सातही खंडांची सर्वोच्च शिखरं केली, तीही स्त्रियांमध्ये पहिल्यांदा. नंतर एव्हरेस्टवरच्या कचऱ्याचा अभ्यास केला. २०११ च्या भूकंप-त्सुनामीत होरपळलेल्या भागातल्या शाळकरी मुलांना फुजीवर न्यायच्या. याच जुलैत, आजारी असतानाही, मुलांबरोबर गेल्या होत्या.

त्या मावश्यांना पत्र कसं लिहायचं ते मला नाही सांगता येणार. पण त्या आल्या तर मला त्यांना विचारायचंय, कर्नाळ्याला त्या धारेसारखी कुठली जागा होती, जिच्याबद्दल आधी कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईत आमच्याआधी चढलेल्या बायका मला माहीतच नाहीत ताई. तुम्ही सोडून एकही नाव येत नाही.

कर्नाळा ८४
२५ ऑक्टोबर २०१६

आजच इथे खातं उघडलं. माझ्या भाच्यानं ही चर्चा पाठवली. फोटोत डावीकडून दुसरी, पोलकं आणि भावाची पँट घातलेली, ती मी. तू जिला चिमणीतली म्हणतेस ती.

विषय मी बदलायचे, खरंय. तुझा राग नव्हता गं. तू डोंगराचं बोलायला लागलीस की मला बोटांत कातळ जाणवायचा आणि मग घरी जाऊन दोन-तीन दिवस कशात लक्ष लागायचं नाही. शेवटी तो विषयच नको वाटायला लागला. लग्न ठरलं तेव्हा सासरकडून अट नव्हती, कुणी नको म्हणालंही नाही. फक्त कुणी ‘जा’ म्हणालं नाही. पहिल्या वर्षी वाटलं पुढच्या वर्षी जाऊ, तसंच ३० वर्षं वाटत राहिलं.

पत्रात ‘चढायला या’ असं लिहू नकोस. गुडघे दुखतात, वजन वाढलंय, घरच्यांसमोर वाचताना संकोच वाटेल. ‘येताना अमुक घेऊन ये’ असं लिही. बाईला काही आणायला सांगितलं की ती येते. उरलेल्या दोघींचे नंबर माझ्याकडे आहेत, पाठवते. चौथी बडोद्याला असते, तिच्याशी मी बोलेन.

माझ्याकडे तो पांढरा दोर आहे, निळी रेघ असलेला. मधे कापला गेला म्हणून तू बाद केलास आणि मी अर्धा घरी नेला होता. गेली कित्येक वर्षं गॅलरीत त्यावर कपडे वाळत घालते. ऊन लागून रेघ पार उडालीय, पण शेवटाला तू मारलेली गाठ मी कधी सोडली नाही. तो आणू का?

आणि दादा, तुम्ही या. पातेली घासणारी दुसरी मीच होते.

कातळवेडी (मुलुंड)
२५ ऑक्टोबर २०१६

आण. तोच आण. त्यावर कुणाला लटकवायचं नाही, उन्हात सडलेला दोर आहे. खाली कातळावर मोज्यांशेजारी ठेवू, मुलींना हातात घेऊन बघू दे.

परवानगीचा अर्ज आज दिला. दादा, शनिवारी माश्यांची पोळी बघायला मी आणि बेलापूरची मुलगी जातोय, तुम्हीही चला. त्या दोघींना आजच लिहिते. एकीला १९८४ ची वही आणायला सांगणार आहे, तिच्यात ती प्रत्येक चढाईचा नकाशा काढायची. दुसरीला तिळाच्या वड्या.

रविवारी सकाळी साडेसातला नॅशनल पार्कच्या गेटवर. चिमणीतले बाई, बूट मी आणतेय. तुझा नंबर अजून पाचच ना?