तंबाखूच्या जाहिराती आणि आपले कोवळे वय : आपले अनुभव लिहा

निपाणीची लेक
काल माळा आवरताना शाळेतली जुनी वही सापडली. 1996 च्या क्रिकेट विश्वचषकाला एका सिगारेटचे नाव होते आणि तेच नाव मी वहीच्या वेष्टणावर निळ्या शाईने, पट्टी धरून, ठळक गिरवले होते. माझी आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती संध्याकाळी घरी आली की पदर झटकताना उठणाऱ्या भुकटीने आम्ही सगळे शिंकत असू. त्या वासाची मला किळस होती, पण वहीवरचे ते सुबक नाव त्याच तंबाखूचे आहे, हे मनात कधी आलेच नाही.

खानापूर
ताई, आजींचा खोकला कसा होता? माझी आई बिड्या वळायची, म्हणून विचारते.

निपाणीची लेक
शेवटपर्यंत होता. रात्री उशाशी तांब्या ठेवूनच निजायची.

चिक्कोडीचा शिक्षक
तंबाखूच्या थेट जाहिरातींना 2003 च्या कायद्याने मनाई केली, तरी पानमसाल्याच्या आणि वेलचीच्या नावाने त्या घरात येतच राहिल्या. मागे सहावीच्या वर्गात मी एका जाहिरातीची पहिली ओळ म्हटली, तर मुलांनी पुढची एका सुरात पूर्ण केली; त्याच मुलांना कविता मात्र अडखळत येत होती. 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने आणि मजकुराने व्यापलेला असतो खरा, पण पानपट्टीवर सुटी सिगारेट घेणाऱ्या मुलाच्या हाती ते चित्र येतच नाही.

खानापूर
आमच्याकडे कर्नाटकात 2013 मध्ये गुटखा बंद झाला, तेव्हा मला फार बरे वाटले होते. आता पानमसाल्याची आणि जर्द्याची अशा दोन पुड्या (एकत्र केल्या की गुटखाच) शेजारी-शेजारी लटकतात, त्याही बिस्किटांच्या बरणीवर, म्हणजे नेमक्या मुलांच्या डोळ्यांसमोर.

तंबाखूवाला शेतकरी
1981 साली निपाणीच्या आंदोलनात माझे वडील तंबाखूला योग्य दर मिळावा म्हणून रस्त्यावर बसले होते. गोळीबारात माणसे गेली, ते वाचले. तंबाखूवर आमचे घर चालले, ते मी नाकारत नाही. तरीही धाकट्याच्या दप्तरात पुडी सापडली आणि मी रागावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, ही वेलचीवाल्यांचीच आहे." त्यावर काय बोलावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.